घोड्याला सांगायचं की विचारायचं?

मामांची हयात घोडदळात गेली. जयपूरची ६१ कॅव्हलरी ही भारतीय सैन्यातली आजही घोड्यांवर असलेली रेजिमेंट. राजपूत आणि कायमखानींच्या बरोबरीने तिथे मराठ्यांचीही भरती होते, त्यांतले हे एक. दफेदार म्हणून निवृत्त झाल्यावर आता पुण्याजवळच्या एका तबेल्यात ते शिकाऊ स्वार आणि कोवळे घोडे, दोन्ही घडवतात. भाची त्यांच्याच हाताखाली घोड्यावर बसायला शिकली, मग ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याला बारीक खुणांवर डौलात चालवण्याच्या कलेचे, धडे घ्यायला जर्मनीत राहून आली. सध्या दोघांच्या मध्ये एक कुमाईत थरोब्रेड आहे, शर्यतीतून निवृत्त झालेला. त्याला ड्रेसाज शिकवायचं यावर दोघांचं एकमत आहे. कसं शिकवायचं यावर नाही. त्यांचा हा वाद मी तुकड्या-तुकड्यांनी बराच ऐकला. इथे तो सलग मांडतो आहे.

मामा : काल दुडकीला घालताना पाहिलं तुला. घोडा ऐकेना. तू टाच लावलीस, पुन्हा लावलीस, पुन्हा लावलीस. त्याने कान मागे टाकले आणि तू थांबलीस. याला तुमच्याकडे भागीदारी म्हणत असतील. आमच्याकडे घोडा बिघडवणं म्हणतात.

भाची : थांबले, कारण कान उगाच मागे जात नाहीत. खोगीर उतरवून पाठीवरून बोटं दाबत नेली, तर खांद्यामागे डाव्या बाजूला हात लागला की तो पाठ खाली घालत होता. खोगिराची गादी नेमकी तिथेच दबली होती. दुखऱ्या घोड्याला टाचेचा अर्थ काय लागणार?

मामा : ते तुला उतरल्यावर कळलं. वर बसली होतीस तोवर नुसत्या विनवण्या चालल्या होत्या. दुखणं असेल अशी शंका आली तर पहिल्या टाचेनंतरच उतर. धडधाकट असेल तर दुसरी टाच अशी लाव की तिसरी लावावी लागू नये. मधलं जे तू करत होतीस ना, त्याचा जनावराला सगळ्यात जास्त जाच.

भाची : हे मान्य. पण तुमची दुसरी टाच कुठवर जाते, तिथे माझी हरकत सुरू होते. याच घोड्याचं बघा. शर्यतीच्या मैदानावर हा जॉकीच्या हातावर रेलून पळायला शिकलाय. लगाम ताणला गेला की त्याच्या लेखी पळायची वेळ झाली. नवखा स्वार घाबरून आणखी ओढतो आणि हा आणखी पळतो. ताकदीवरच निकाल लावायचा म्हटलं, तर पाचशे किलोंचा घोडा आणि पंचावन्न किलोंची मी.

मामा : मग तू काय करतेस?

भाची : वर्तुळावर घेते. श्वास सोडून बैठक खोल करते, कंबर क्षणभर थोपवते, बाहेरच्या लगामावर मूठ आवळते. तो एक पाऊल जरी मंदावला तरी मूठ सैल. त्याला मोबदला मिळतो तो त्या सैल मुठीचा. मामा, ताण दिल्याने घोडा शिकत नाही. ताण सुटला त्या क्षणी तो स्वतः काय करत होता, तेवढंच तो शिकतो. मूठ उशिरा सुटली की भलतंच शिकतो.

मामा : यात जर्मनीचं काय आलं? आम्हालाही उस्ताद हेच ओरडून सांगायचे, “दिया, तो लिया, लिया, तो छोड़!” ओरडत होते म्हणून ते क्रूर, आणि तुम्ही हळू आवाजात सांगता म्हणून दयाळू?

भाची : आवाजाचं सोडा. न ऐकणाऱ्या घोड्याचं ते काय करायचे?

मामा : ऐकायला लावायचे. घोडा चालवणं हा चार लोकांना बरा दिसावा म्हणून केलेला शौक नव्हता, पोरी. एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार किंवा भाला. जागेवर वळणं, क्षणात थांबणं, मागच्या पायांवर भार घेऊन उसळी मारणं, हे ज्याला आलं तो परत आला. तुमच्या ड्रेसाजची मुळं तिथे आहेत. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं, ते काय त्यांना विचारून?

भाची : ज्याच्यावर जीव सोपवायचा तो घोडा आपल्याला भिऊन राहिलेला चालेल का तुम्हाला? भ्यालेला घोडा ऐकतो, पण कुठवर? तुमच्याहून मोठी भीती समोर येईपर्यंत. ही शंका आजची नाही. ग्रीसचा झेनोफन स्वतः लढलेला सेनानी. घोडेस्वारीवरच्या त्याच्या ग्रंथाला आता तेवीसशेहून जास्त वर्षं झाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मारून करवून घेतलेल्या हालचालीत घोड्याला काही उमगत नाही, आणि बघणाऱ्यालाही त्यात काही सुंदर दिसत नाही.

मामा : झेनोफन एक. बाकीचे?

भाची : बाकीच्यांचंही सांगते, लपवत नाही. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोनेचं पुस्तक आलं आणि युरोपभर वाचलं गेलं. अडणाऱ्या घोड्याला काठीला बांधलेली मांजर लावावी, असले उपाय त्यात आहेत. पण त्यानंतर प्लुविनेल आला, फ्रान्सच्या तेराव्या लुईचा घोडेस्वारीतला गुरू. घोड्याचा उत्साह जपा, तो एकदा गेला की परत येत नाही, हा त्याचा आग्रह. मग १७३३ मध्ये पॅरिसच्या ला गेरिनिएरने ‘शोल्डर-इन’ नीट बसवून दिला. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आजही त्याच परंपरेत लिपिझानर घोडे तयार करते. म्हणजे कडक आणि मऊ हे दोन पंथ चारशे वर्षं शेजारी शेजारी चालत आलेत. ‘जुनं ते कठोर, नवं ते हळवं’ असा सरळ हिशेब नाहीच.

मामा : शोल्डर-इन मलाही येतो. त्यात मऊ काय?

भाची : घोडा भिंतीच्या कडेने जातोय. आपण त्याचे खांदे थोडेसे आत घेतो. आतला मागचा पाय पोटाखाली पडतो आणि भार उचलायला लागतो. उभ्या घोड्याचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, वर बसून आपण त्यात भर घालतो. तो भार मागे न्यायचा तर त्या मागच्या पायात ताकद यायला हवी. मान ओढून ती येत नाही. गेरिनिएरने व्यायाम दिला, हे त्यातलं मऊपण. आधी शरीर तयार कर, मग मागणी कर.

मामा : व्यायाम आम्हीही देत होतो. बरं, फौजेची एक गोष्ट सांगतो. ऑलिम्पिकात घोडेस्वारी १९१२ साली स्टॉकहोमला नीट सुरू झाली, आणि ड्रेसाजमध्ये कितीतरी वर्षं फक्त अफसर उतरायचे. १९४८ ला लंडनमध्ये स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी ते काढून घेतलं. का? त्यांच्यातला पेर्सन नावाचा स्वार मुळात सार्जंट. खेळापुरती बढती देऊन त्याला अफसर केलेलं. घोडा चांगला चालला, मार्क मिळाले, पण खांद्यावर फीत कुठली ते आधी बघितलं! दफेदार ही गोष्ट कशी विसरेल?

भाची : आणि त्यानंतर नियम बदलला, मामा. १९५२ च्या हेलसिंकीला तोच पेर्सन उजळ माथ्याने सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत पहिल्यांदा साधे नागरिक आले, बायका आल्या, पुरुषांच्या बरोबरीने एकाच मैदानात. त्यांतली एक डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ साली तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. जुबिली नावाच्या घोडीवर तिने वैयक्तिक रौप्य जिंकलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. आता सांगा, तिची दुसरी टाच कुठली? तिला तर पहिलीही नव्हती.

मामा : अं… मग घोडी चालवली कशी?

भाची : बैठकीने. पाठीचा ताण, कमरेचा कल, वजन कुठल्या बाजूला पडलंय, एवढ्यावर. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी तो थरथरवतो. एवढं ज्याला कळतं त्याला माझं वजन कळणार नाही? आपण वरून गोंगाट करतो म्हणून त्याला ऐकू येत नाही.

मामा : तुझ्या त्या बाईने मला मात दिली खरी. पण तिच्याकडून तू काय घेतलंस ते मला दिसत नाही. तिच्याकडे दहा टाचा नव्हत्या, म्हणून जी काही खूण करायची ती स्पष्ट करावी लागली. तुझ्याकडे आहेत, म्हणून तू उधळतेस. मवाळ हात आणि अस्पष्ट हात यात तुमची ही नवी पिढी घोळ घालते. घोडा गोंधळला की गुळाचा खडा. चावला तरी गुळाचा खडा.

इथे भाची हसली. त्या घोड्याला खिशात तोंड घालायची सवय नक्की कुणी लावली, हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मामा : आणि ज्यांचे हात मऊ म्हणून जग टाळ्या वाजवत होतं, त्यांचं काय झालं? पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर २०२४ मध्ये इंग्लंडच्या शार्लट दुजार्दिनला माघार घ्यावी लागली. शिकवताना एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारल्याचा व्हिडिओ निघाला. वर्षभराची बंदी, दहा हजार स्विस फ्रँकचा दंड. तीन सुवर्णपदकं असलेली बाई! तिचा वालेग्रो घोडा बघून तूच मला म्हणाली होतीस, “मामा, बघा, दोर नसल्यासारखा चालतोय.”

भाची : म्हणाले होते. वालेग्रोची ती चाल खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या व्हिडिओने एक गोष्ट कायमची शिकवली. मृदूपणा हा स्वभाव समजून त्याच्यावर विसंबायचं नाही. थकलेल्या, चिडलेल्या, घाई झालेल्या माणसाचा स्वभाव कधीही उलटतो. त्याला बाहेरून लगाम हवा, नियमाचा. तोंडावरचा नोजबँड घ्या. तो करकचून आवळला की घोड्याला तोंडच उघडता येत नाही, मग दुखतंय हे तो सांगणार कसं? दोन बोटं जावीत असं सगळेच म्हणायचे, पण बोटं ज्याची त्याची. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो मापाने तपासतात.

मामा : आणि ती हनुवटी छातीला लावायची तऱ्हा? आमच्या काळी तसा घोडा दिसला असता तर उस्तादाने स्वाराला खाली ओढला असता.

भाची : रोलकुर. त्यावर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने लोझानला बैठक घेतली. जबरदस्तीने मान तशी वळवणं अमान्य ठरवलं. पण ‘खोल, गोल’ मान ठरावीक मिनिटांपुरती चालू ठेवली. वाद मिटला नाही. मान आवळलेला घोडा पुढचे पाय उंच फेकतो, बघणारा खूश होतो. पाठ मात्र फळीसारखी ताठ असते. परीक्षकांनीही अशा चालीला भरभरून मार्क दिलेले आहेत.

मामा : म्हणजे मार्कांवरही विश्वास नाही तुझा? हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण घेतलं, २०९.२०५ गुण. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत रघुबीर सिंगने इव्हेंटिंगमध्ये सुवर्ण घेतलं होतं, त्यानंतर घोडेस्वारीत एकेचाळीस वर्षांनी सुवर्ण. मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. सुदीप्ती, दिव्यकृती, आपल्या मुंबईचा हृदय छेडा, अनुष अगरवाला. ते मार्क काय असेच पडले?

भाची : ते मार्क अस्सल होते, म्हणून तर म्हणते. अनुषचं वैयक्तिक कांस्य बघताना लगामाकडे बघा. त्याच्या एट्रो घोड्याच्या मानेवर तो लोंबकळत नाही. पण मार्क म्हणजे निदान, उपचार नव्हे. घरी, परीक्षक नसताना, घोडा खरंच माझ्याबरोबर आहे की पकडून ठेवलाय, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. जर्मन शाळेत ती जुनीच आहे.

मामा : दाखव.

मग ती घोड्यावर बसली. गादी बदललेली, नोजबँड दोन भोकं सैल. साठ बाय वीस मीटरच्या मैदानात ती डाव्या हाताला वीस मीटरच्या वर्तुळावर दुडकी चालवत होती. घोड्याच्या मानेवर घामाची रेघ, तोंडाशी थोडा फेस. तिने मुठी किंचित उघडल्या आणि लगाम बोटांतून सरकू दिला. घोड्याने नाक पुढे आणि खाली नेलं, जणू लगाम चघळत चघळत तिच्या हातातून काढून घेतोय. मान लांबली, पाठ वर आली, खोगीर तिला आता झोका दिल्यासारखं हलवत होतं. चालीचा ठेका तोच राहिला. घोडा नाकातून लांब फुरफुरला. तिने लगाम हळूहळू परत गोळा केला, तरी ठेका बदलला नाही. मग उजव्या हाताला घेऊन तेच केलं. या वेळी लगाम सैल होताच घोड्याने डोकं वर उचललं, पाठ बुडवली आणि चार पावलं पळ काढला. तिने ओढलं नाही. वर्तुळ लहान केलं, बैठक थोपवली, तो आला.

मामा : डावीकडे शंभर मार्क. उजवीकडे नापास.

भाची : हो. आणि हे मला कळलं कशाने? सोडल्याने. धरून ठेवलं असतं तर दोन्हीकडे सारखाच दिसला असता. लगामाची फुगडी होऊन चालत नाही, मामा. एकाने हात सोडला की दुसरा पडणार असेल तर तो संपर्क नव्हे, तो आधार झाला. जर्मन शाळेची सहा पायऱ्यांची शिडी आहे ना, आधी ठेका, मग सैल अंग, मग लगामाशी संपर्क, मग जोम, सरळपणा आणि शेवटी एकवटणं. उजवीकडे हा अजून दुसऱ्याच पायरीवर आहे. तिथे मी त्याच्याकडे पाचवीचं मागितलं, तर तो नकार देणारच. तो नकार म्हणजे मला कळलेली बातमी.

मामा : आता माझं ऐक. मला तुझा हा ‘नकार’ शब्दच खुपतो. भागीदार म्हणतेस, पण त्याने करारावर सही केलीय? तबेला तुझा, खोगीर तुझं, पदक तुझं. त्याला मोकळं सोडलं तर तो गवताकडे जाईल, मैदानाच्या कडेला लावलेल्या तुझ्या अक्षरांकडे नाही. भागीदारी म्हणून तू स्वतःचंच मन राखतेस. त्यापेक्षा ‘मी मालक, तू जनावर, तुझी जबाबदारी माझी’ हे सरळ नाही का?

भाची : सरळ आहे. आणि अर्धं खरंही आहे. सही त्याने केलेली नाही. पण ज्याने सही केलेली नाही, त्याच्याशी वागताना जास्त जपायचं की कमी? मी भागीदारी म्हणते तेव्हा तो माझ्या बरोबरीचा झाला असं म्हणत नाही. त्याने नको म्हटलं तर त्याची किंमत मलाही मोजावी लागली पाहिजे, एवढंच म्हणते. सराव थांबवावा लागेल, स्पर्धा सोडावी लागेल, नालबंदाला, दातांच्या डॉक्टरला बोलवावं लागेल. त्याच्या नकाराने माझं काहीच बिघडत नसेल, तर तो नकार मी ऐकलाच नाही.

मामा : आणि रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला तर? फटाका फुटला तर? तिथेही विचारत बसशील, “बाळा, थांबतोस का?”

भाची : नाही. थांब म्हटलं की थांबायचं. त्याला पर्याय नाही. हाफ-पासची तिरकी चाल मात्र उद्यावर ढकलता येते. जिवाची आज्ञा वेगळी, कलेची मागणी वेगळी.

मामा : तुझ्या डोक्यात वेगळी. त्याच्या डोक्यात टाच एकच असते. मैदानात टाच मनावर नाही घेतली तरी चालतं हे तो शिकला, तर ट्रकसमोरही तेच करणार. घोड्याला कला आणि जीव असे दोन खिसे नसतात.

भाची : (थोडं थांबून) हा मुद्दा सोपा नाही. मग मला उपाय एकच दिसतो, मैदानात असा प्रश्नच विचारायचा नाही ज्याचं उत्तर त्याला देता येणार नाही. विचारलं की उत्तर मिळालंच पाहिजे, म्हणून विचारताना दहादा विचार. न ऐकण्याची सवय त्याला लागते ती आपण न झेपणारं मागतो म्हणून, किंवा झेपणारं मागून मध्येच सोडून देतो म्हणून. दोन्हीकडे दोष वरच्याचा.

मामा : आत्ता बोललीस! हे मी जन्मभर सांगत आलोय. फक्त आमच्याकडे पहिल्या चुकीची शिक्षाही घोड्यालाच व्हायची, हे खरं.

भाची : आणि आमच्याकडे दुसऱ्या चुकीला प्रेम म्हणतात, हेही खरं.

मामा : मग ठरवून टाकू. या घोड्यावर दोघांनी बसायचं. माझी अट, खूण एकदा, स्पष्ट. उत्तर नाही आलं तर दुसरी, खणखणीत. उत्तराचा अंश जरी आला तरी त्याच क्षणी सोड. कुरकुरत टाच लावताना दिसलीस तर उतरवीन.

भाची : माझी अट, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा अडली तर आधी पाठ, दात, खुरं, खोगीर तपासायचं. त्यानंतर आपली बैठक. शेवटी घोडा. नोजबँड आहे तेवढाच सैल राहील. आणि रोज शेवटी लगाम सोडून बघायचा, दोन्ही हातांना. तो खाली गेला नाही तर त्या दिवशी आपण काय जास्त मागितलं, ते वहीत लिहायचं.

मामा : लिहीन. चाबूक मात्र मी हातात ठेवणार.

भाची : ठेवा. माझ्याही हातात असतो. पण उचलण्याआधी कशासाठी, ते मोठ्याने सांगायचं, एका वाक्यात. वाक्य जमलं नाही तर चाबूक खाली.

मामा : कबूल. आणि गुळाचा खडा देण्याआधीही तू तेच करायचं. कशासाठी, एका वाक्यात. “गोड दिसतोय म्हणून” हे वाक्य चालणार नाही.

भाची : हे जड जाईल.

मामा : जाऊ दे. मला काय, चाबकाचं सोपं जाणार आहे?